उशाशी एक माणूस

सुरंगीला बहर आला की गावातल्या पोरी हरखतात आणि मी वाट वाकडी करते. वाडीच्या कुंपणाशी तो वास सकाळपासून घुटमळत असतो आणि उन्हं चढली की सरळ रस्त्यावर येतो. मुली सुरंगीचे गजरे माळून शाळेत येतात. वर्गात तो गोड वास, खिडकीतून वाळत्या बोंबलांचा खारा वास, आणि पाट्यांवर त्रैराशिकं. फाल्गुन सरत आला, परीक्षा जवळ आल्या. लोकांना या दिवसांत कैऱ्या आठवतात. मला ताप आठवतो.

परवा मधल्या सुट्टीत एक बाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिची मुलगी यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला बसायची. माझ्या शाळेत आता सातवीपर्यंत वर्ग आहेत, तिथून दोघीच बसणार, त्यांतली ही अधिक हुशार. बाई आत यायला तयार होईना. पायरीवरूनच म्हणाली, "बाई, आमच्या पोरीचं नाव काडून टाका. माजे दिवस भरत आले. घरात धाकटी दोगं हायत, त्यांना कोन बगनार? फुडच्या वर्षी बसंल की ती."

पुढच्या वर्षी. मी तेरा वर्षांची असताना हेच शब्द आमच्या घरात बोलले गेले होते, आणि बोलणारा माणूस वाईट नव्हता. म्हणून तर ते विसरता येत नाहीत.

मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम होऊन गेल्यानंतरचा तो फाल्गुन. नागावहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, सुपारीच्या वाडीला लागून आमचं भाड्याचं घर होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, मुलांच्या शाळेत दुय्यम शिक्षक. तिथले हेडमास्तर जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची जागा अप्पांना मिळणार हे गावानं धरूनच चाललेलं. आई मुलींच्या शाळेत एकटी शिक्षिका. एक खोली, पाच इयत्ता, आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर. लग्नानंतर अप्पांनीच तिला शिकवून फायनलला बसवलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. पण बायको शिकवते याचा अभिमान आणि बायको शिकवायला गेल्यावर घरचं कोण बघतं हा प्रश्न, या दोन गोष्टी त्यांच्या मनात कधी समोरासमोर आल्या नव्हत्या. शाळेत जाण्याआधी आई चूल पेटवायची, आल्यावरही तीच पेटवायची. मधल्या वेळात ती निखारे राखून ठेवायची आणि ते फुंकायला मी असायचे.

माझा धाकटा भाऊ मधू तेव्हा चार वर्षांचा होता. एका सकाळी तो उठलाच नाही. अंग तापलेलं, जीभ पांढरी, डोळे अर्धवट उघडे. दोन-तीन दिवस काढे झाले, मग रेवदंड्याचे डॉक्टर टांग्यातून आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि हात धुता धुता सांगितलं, "मुदतीचा ताप आहे. एकवीस दिवस धरून चाला. पोटात दूध-पाण्याशिवाय काही जाता कामा नये. भाताचं शीतसुद्धा नाही. त्याला उठवायचं नाही, रडवायचं नाही. उशाशी एक माणूस सतत हवं."

डॉक्टर 'माणूस' म्हणाले. आम्ही सगळ्यांनी 'बाईमाणूस' ऐकलं. आईनंसुद्धा.

पहिला आठवडा आई उशाशी बसली. तिची असेल नसेल ती सगळी रजा त्यात संपली. मग ती शाळेत जाऊ लागली आणि तिच्या जागी मी बसले. पाचवीपर्यंत मी आईच्या शाळेत शिकले होते, पुढे मुलांच्या शाळेत, कोपऱ्यातल्या वेगळ्या बाकावर. फायनल तोंडावर आली होती. हेडमास्तर रोज जास्तीचे तास घेत होते. त्या तासांना मी नव्हते. मी मधूच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होते. एक पट्टी ओली करायची, पिळायची, कपाळावर ठेवायची. दुसरी तोवर गरम झालेली. मध्ये मध्ये इतिहासाचं पुस्तक गुडघ्यावर. सनावळ्या पाठ करता करता मधू क्षीण आवाजात म्हणायचा, "ताई, भात." दिवसातून वीस वेळा. तो भात मागत होता आणि मी त्याला पाणी पाजत होते. आजही कुणी मूल 'भात' म्हणालं की माझा हात थबकतो.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या पाठीवर आणि मधूच्या आधी आम्हाला एक बहीण होती, यमू. दीड वर्षाची होऊन ती गेली. दोन दिवसांचाच ताप. तेव्हा घरात अप्पांची एक म्हातारी काकू असायची, पोर निपचित पडलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आई शाळेतून आली तेव्हा सगळं संपलं होतं. गावानं त्यातलं एकच वाक्य उचललं: पोर गेलं तेव्हा आई शाळेत होती. विहिरीवर, देवळात, हळदीकुंकवाला ते वाक्य आईच्या मागे फिरत राहिलं. अप्पाही त्या वेळी शाळेतच होते. हे कुणी कधी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मधूच्या तापाच्या पंधराव्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. डॉक्टर येऊन म्हणाले, तिसरा आठवडा सर्वांत वाईट, आता फार जपा. आणि दुपारी शाळेच्या शिपायानं कागद आणून दिला की डिपुटीसाहेब गुरुवारी तपासणीला येत आहेत, सकाळी मुलांची शाळा, दुपारी मुलींची. माझी परीक्षा अलिबागला, बुधवारपासून तीन दिवस.

संध्याकाळी आई विहिरीवर कपडे धूत होती. मी शेजारी पिळून देत होते. मधूला झोप लागली होती, दार उघडं ठेवून आम्ही कान तिकडे लावले होते. अप्पा शाळेतून आले ते तिथंच आले. विहिरीच्या कठड्याला हात टेकून थोडा वेळ पाण्यात बघत राहिले. मग म्हणाले, "कुसुमची परीक्षा यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बसेल."

आईनं कपडा दगडावर तसाच ठेवला. "पुढच्या वर्षी तिला चौदावं सरेल. तेव्हा घरात परीक्षेचं बोलणं निघेल की स्थळांचं?"

"मी आहे ना. मी बसवीन तिला."

"या वर्षीही तुम्ही आहातच."

अप्पांनी कठड्यावरचा खडा पाण्यात ढकलला. म्हणाले, "मग तू राहा घरी."

"रजा संपली. मागच्या वेळी साहेब काय लिहून गेलेत ते तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं. शाळा चालवण्याजोगी आहे की नाही ते यंदा ठरायचंय. मी गेले नाही तर त्या खोलीला कुलूप लागेल. पस्तीस मुली घरी बसतील."

"म्हणजे मी राहायचं?"

आईनं ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी तसं म्हटलेलं नाही. कोण गेलं नाही तर काय मोडेल, तेवढं सांगतेय. तुमच्या शाळेत चार मास्तर आहेत."

"आणि माझी हेडमास्तरी?"

"ती मोडेल," आई म्हणाली. "ते मला कळतंय."

मी पिळलेलं धोतर हातात घेऊन उभी होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं की अप्पांनी 'नाही' म्हणावं आणि मला घरी बसवावं. अभ्यास झाला नव्हता, नापास होण्याची भीती होती, आणि भावासाठी परीक्षा सोडली म्हणून सगळे मला शहाणी म्हणाले असते. मुलींना शहाणी म्हणवून घेण्याची सवय किती लवकर लागते. मी म्हणालेसुद्धा, "मी राहते, अप्पा."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. चिडले होते ते. पण माझं ते वाक्य ऐकून त्यांना आपलीच लाज वाटली असावी. कठड्यावरचा हात काढून ते म्हणाले, "तुला कुणी विचारलेलं नाही. जा, गणितं सोडव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. हस्ताक्षर मोत्यासारखं, नेहमीप्रमाणे. 'घरी मुलगा आजारी असल्याने व त्याची शुश्रूषा करण्यास दुसरे कोणी नसल्याने.' हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला, असं अप्पा पुढे सांगायचे. मग म्हणाले, "मास्तर, दुसरे कोणी नसल्याने? तुमच्या घरात दोन बायकामाणसं आहेत. साहेब मला काय विचारतील? असं करा, स्वतःला ताप आहे म्हणून लिहा. मी सही करतो. तुमचंही नाव राहील."

अप्पा म्हणाले, "आहे तोच अर्ज ठेवा."

बरीच वर्षं मला यात त्यांचा मोठा सत्यवादीपणा दिसत असे. मागच्या वर्षी मी तसं म्हटलं तेव्हा ते हसले. "अगं, ताप असल्याचा अर्जही मी लिहिला होता. कोटाच्या खिशातच होता. पण गाव मला विहिरीवर लंगोट धुताना बघणार होतं. तापकरी माणूस लंगोट धूत नाही."

आणि खरोखर ते धुणं हाच त्यांना सगळ्यांत जड गेलेला भाग. आजारी पोराची दुपटी दिवसात दहा वेळा धुवावी लागायची. पहिल्या दिवशी ते उजाडण्याआधी, कुणी नसताना विहिरीवर जाऊन आले. पण दुपटी काही माणसाची अब्रू बघून भिजत नाहीत. सकाळी नऊला पुन्हा जावं लागलं. विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. अप्पा दिसताच बोलणं बंद झालं, दोघींनी घागरी अर्ध्याच भरून उचलल्या. अप्पांनी मान वर न करता दुपटी धुतली. त्यांना पिळता येत नव्हतं. घराच्या उंबऱ्यापर्यंत ओल्या कपड्यांतून पाण्याची रेघ उमटली.

बुधवारी सकाळी मी निघाले. शेजारी हलीमाबी राहायच्या. त्यांचा नवरा जहाजावर खलाशी, दोन-दोन वर्षं घरी यायचा नाही. शेळ्या, नारळ, म्हातारा सासरा, सगळं त्या एकट्या बघायच्या. त्यांच्या भावाचा छकडा नारळ घेऊन अलिबागला जायचा, त्यात मला बसवलं. नारळांवर गोणपाट, गोणपाटावर मी. आई शाळेत जायच्या तयारीत होती. तिनं माझ्या हातावर दही ठेवलं, पण तिचं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. अप्पा दाराशी आले नाहीत. मधूच्या उशाशी बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "टाक घेतलास?" मी हो म्हटलं. तेवढंच.

अलिबागला आईच्या मावशीकडे उतरले. परीक्षेची खोली समुद्राच्या बाजूला होती. खिडकीतून पाण्यातला किल्ला दिसायचा. ओहोटीला लोक चालत तिकडे जाताना दिसायचे, भरतीला तो एकटा पडायचा. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, गणित. प्रश्न वाचला: एक काम इतके मजूर इतक्या दिवसांत करतात, त्यातले दोन मजूर निघून गेले तर. पुढचं मला वाचताच येईना. आत्ता सकाळ, डिपुटीसाहेब अप्पांच्या वर्गात आले असतील, अप्पा तिथं नसतील. आत्ता दुपार, ते आईच्या शाळेत असतील. आणि मधू? एवढ्यात कुणीतरी दाराशी आलं, वाटलं मलाच बोलवायला आलं. पाणी वाटणारा म्हातारा होता. तो पाणी ओतताना माझ्या कागदावर दोन थेंब पडले. ते टिपून घेता घेता मी रडले. शेजारच्या मुलानं तोंड फिरवलं. मग मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली.

शुक्रवारी संध्याकाळी छकडा आमच्या घरापाशी थांबला. ऊन कलतं होतं. अप्पा ओटीवर बसले होते, दाढी वाढलेली, हात मांडीवर पालथे. आई आत असावी.  रडण्याचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. मी छकड्यातून उतरले. मला वाटलं, संपलं. यमूसारखं. मी तिथं रस्त्यात उभी, आणि अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते उठले नाहीत. मी कशीबशी आत गेले. आतल्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीशी मधू पडला होता. डोळे उघडे. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "ताई, भात."

मी तिथंच बसले आणि तोंडात पदर कोंबून हसले की रडले, मला सांगता यायचं नाही.

पेपर कसे गेले ते कुणी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या लक्षात आलं की आई आणि अप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. मीठ हवं तर अप्पा मला म्हणत. पाणी ठेव हे आई मला सांगे. दुसऱ्या दिवशी शेळीचं दूध आणायला मी हलीमाबींकडे गेले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास मधूचा ताप झरकन उतरला. अप्पांना आधी बरं वाटलं. मग त्यांनी पाहिलं की पोराला दरदरून घाम सुटलाय, हातपाय बर्फासारखे, ओठ निळसर, हाक मारली तर ओ नाही. हलीमाबी दूध घेऊन नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांनी वाडीतल्या गड्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. मग त्या अप्पांना म्हणाल्या, "मास्तर, मी जाते, बाईंना घेऊन येते."

आईची शाळा किती दूर? तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत जाऊन यावं, एवढ्या अंतरावर. अप्पा म्हणाले, "नको."

"नको काय? माय हाय ती. पोराचं काय हाय न्हाय झालं तर?"

"हलीमाबी, ती येऊन जे करेल ते मला सांगा. मी करतो."

"मास्तर, हे करन्याचं न्हाय. हे असन्याचं हाय."

अप्पा दारापर्यंत गेले, असं हलीमाबी म्हणाल्या. चौकटीला धरून उभे राहिले. मग परत आले. "साहेब तिच्या वर्गात असतील आत्ता," ते म्हणाले. "बोलावलं तर ती येणार. ती आली की शाळा गेली. आणि मधूचं जे होणार ते त्यानं टळणार नाही." हे बोलताना त्यांचा आवाज आपल्याला ओळखू आला नाही, असं त्या म्हणाल्या.

मग दोघांनी मिळून पोराच्या तळपायांना सुंठ चोळली. हलीमाबींनी तव्यावर वाळू तापवून पुरचुंड्या केल्या, त्या बगलेत, पायांशी ठेवल्या. डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं औषध अप्पा बोटानं थेंब थेंब जिभेवर सोडत होते. शेवटी त्यांनी सदरा काढला आणि पोराला उघड्या छातीशी धरून वरून घोंगडी ओढून घेतली. डॉक्टर परगावी गेलेले, त्यांना गाठून आणेपर्यंत चार वाजले. तोवर मधूच्या बोटांत ऊब आली होती.

आई पाचला आली. डॉक्टर नुकतेच गेले होते. खोलीत सुंठीचा वास, जमिनीवर सांडलेली वाळू, अप्पा उघडे. तिला काही सांगावं लागलं नाही.

"मला बोलावलं का नाही?" तिनं विचारलं.

"तू आली असतीस."

"हो. आले असते."

"म्हणून."

त्यानंतर ते बोलले नव्हते.

हलीमाबी दुधाचा तांब्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुज्या बापानं बरं केलं का वाईट, ते मला न्हाय कळत. माजा घरवाला असता तर पळून गेला असता. पन तुज्या मायच्या जागी मी असते ना, तर मीबी न्हाय बोलले असते." 

मला त्या वयात वाटलं, पोर जगलं ना, मग राग कसला? आज मला दोघांची बाजू कळते आणि म्हणूनच न्याय करता येत नाही. मधू गेला असता तर आईच्या वाट्याला तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं असतं, आणि या वेळी ते अप्पांच्या निर्णयानं आलं असतं. उलट, अप्पांनी तिला बोलावलं असतं तर आज मी ज्या खोलीत शिकवते ती खोली कुणाचं तरी नारळाचं कोठार झाली असती. कामं वाटून घेता येतात. दुपटी, पेज, चूल, सगळं शिकता येतं. अप्पा पिळायलासुद्धा शिकले. पण घरात मूल मरणाच्या दारात असताना दुसऱ्याच्या वतीनं काय ठरवावं, याची वाटणी कशी करायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

अप्पांना हेडमास्तरी मिळाली नाही. जूनमध्ये त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान माणूस पेणहून बदलून आला, आणि अप्पा त्याच्या हाताखाली अजून काम करतात. त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. एकदाच बोलले. मी ट्रेनिंगला जायला निघाले तेव्हा काहीतरी क्षुल्लक वाद झाला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या त्या फायनलसाठी मी काय सोडलं ते तुला ठाऊक नाही." मला ठाऊक होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांनी माझी ट्रंक स्वतः दोरीनं बांधून दिली.

परवाच्या त्या बाईच्या घरी काल मी गेले. तिचा नवरा ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. मी त्यालाच म्हटलं, "तीन दिवसांची परीक्षा आहे. तेवढे तीन दिवस तुम्ही होडी बाहेर काढू नका. पोरांजवळ बसा." त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला हे कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं, एवढं दिसलं. त्याची मुलगी दाराआड उभी होती. जाळ्याची एक गाठ मारून तो म्हणाला, "बगतो." आज सकाळी ती पाटी-पुस्तक घेऊन शाळेत आली होती. मी काही विचारलं नाही. नाव मी खोडलेलंच नव्हतं.

मधूला बाविसाव्या दिवशी पेज मिळाली. सोमवार होता, उन्हाळ्यामुळे त्या दिवसापासून शाळा सकाळची झाली होती. सकाळची शाळा सुटून आई घरी आली तेव्हा अप्पांनी पेज करून ठेवली होती, जरा करपली होती. आईनं वरची वरची निवळ काढून वाटीत घेतली आणि मधूला चमच्यानं भरवली. तो खाता खाताच झोपला. दुपारची वेळ. आई वाटी हातात घेऊन पडवीत आली, अप्पांपासून चार हातांवर बसली. मी दाराशी तांदूळ निवडत होते. चार दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"गुरुवारी दुपारी काय काय झालं ते मला सांगा. पहिल्यापासून."

अप्पा सांगू लागले. आई मध्ये मध्ये विचारत होती. आधी हात गार पडले की पाय? डोळे उघडे होते की मिटलेले? सुंठ कुठल्या डब्यातली घेतली? काही म्हणाला का? अप्पांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, आठवून आठवून, काही न गाळता. दाराच्या चौकटीपर्यंत जाऊन परत आलो, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. म्हणाले, "अगं, तुझी तपासणी कशी झाली? मी विचारलंच नाही."

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

आई वाटीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "बरी झाली. साहेबांनी वाचन घेतलं, गणित घेतलं. हजेरी पाहिली. शाळा चालू ठेवावी म्हणून लिहितो म्हणाले." मग तिनं वाटी खाली ठेवली. "शेवटी कविता घेत होते. तिसरीतली मुलगी उभी होती. मी खिडकीपाशी होते. डॉक्टरांचा टांगा शाळेवरून गेला, आपल्या घराकडे. घोडा पळवत नेला त्यांनी."

अप्पांनी मान वर केली.

"मी पाहिला," आई म्हणाली. "मुलगी मध्येच अडखळली होती. मी तिला पुढचं कडवं सांगितलं."